रुळाने लाटलेले पापड

सर,

आपल्याला जाऊन इतकी वर्षे झाली आहेत की आता आपल्याशी बोलताना उभे राहण्याचे काही कारण उरलेले नाही. तरीही हे टाइप करायला बसण्यापूर्वी मी एकदा खुर्ची मागे सारून उठलो आणि मग बसलो. आपण आधी माझे टायपिंगचे शिक्षक होतात आणि नंतर सासरे झालात, परंतु ‘सर’ सोडून दुसरे कोणतेही संबोधन माझ्या तोंडी कधी बसले नाही. आपली मुलगी गेल्या श्रावणात गेली. आजार फुप्फुसाचा होता आणि फार लांबला नाही. तिच्यामागे तिचे म्हणून जे उरले त्यात तिने स्वतः केलेले काही व्हिडिओ होते. ते मात्र घरात नव्हते, इंटरनेटवर होते. त्यांतल्या एकात ती पापड लाटता लाटता आपल्याविषयी बोलली आहे. आपल्या चिरंजिवांनी तो व्हिडिओ कायमचा काढून टाकायचे ठरवले, आणि त्याआधी मी तो उतरवून घ्यायचे ठरवले. जे घडले ते एवढेच. परंतु ते आपल्याला कळवणे मला कर्तव्य वाटते, कारण या सगळ्याच्या मुळाशी आपला रूळ आहे.

नारायण पेठेतल्या आपल्या संस्थेत मी आलो तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पहिला मजला, दोन रांगांत मांडलेली यंत्रे, शाईच्या फितीचा तो कडवट वास, आणि मधल्या वाटेने आपण हात पाठीशी बांधून फिरत आहात. त्या हातांत काळ्या शिसवीचा गोल रूळ आहे. विद्यार्थ्याने कळांकडे पाहू नये म्हणून आपण प्रत्येक यंत्रावर पत्र्याचे झाकण बसवून घेतले होते. हात झाकणाखाली, नजर कागदावर. माझी नजर खाली जाते. रूळ आडवा येत नाही, तो टोकाने येतो, झाकणाच्या फटीतून, नेमका पेराच्या हाडावर, आणि हाड वाजल्याचा आवाज मला वेदनेच्या आधी ऐकू येतो. अनामिकेच्या नखाखाली रक्त साकळते, नख काळे पडते, पुढे गळून जाते. आपण म्हणता, “आता त्या बोटाला जागा कळली.” माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मुलाने एकदा चोरून खोडरबर वापरला. आपण त्याची तर्जनी यंत्रातल्या कागदाऐवजी टाइपांच्या समोर धरली आणि दुसऱ्या हाताने स्वतः कळा हाणल्या. पोलादी अक्षरे त्याच्या कातडीत घुसली. शाई कुठली आणि रक्त कुठले हे कळेना. “वाचून दाखवा काय छापलंय ते,” आपण म्हणालात, “चूक असेल तर खोडून देतो.” वर्गात दोघे-तिघे हसले. मीही त्यांत होतो, कारण न हसणाऱ्याकडे आपले लक्ष जाई.

खिडकीजवळच्या यंत्रावर आपली मुलगी बसत असे. तिच्याइतका वेग त्या मजल्यावर कोणाचाही नव्हता, आणि पालक चौकशीला आले की आपण मोठ्या अभिमानाने तिच्याकडे बोट दाखवीत होतात. हा वेग कुठून येतो, असा प्रश्न आपल्याला पडला नाही. इंग्रजी कळफलकावर डाव्या हाताला काम अधिक असते, सर, आणि ती डावखुरी होती. ज्या घरात डाव्या हाताने जेवणे, वाढणे, प्रसाद घेणे, किल्ली देणे, एवढेच काय, दार उघडणेही अमंगल मानले जाई, त्या घरातल्या मुलीचा डावा हात जिथे उजव्याच्या बरोबरीने मोकळा सुटे, अशी ती जगातली एकच जागा होती. आणि तीही पत्र्याच्या झाकणाखाली होती.

आमचे लग्न रीतसर ठरले. पाठवणीच्या वेळी आपण मला मांडवाच्या कडेला बोलावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू दिली. ज्या तोंडातून मला ‘गाढवा’ याखेरीज हाक आली नव्हती त्या तोंडाने आपण अत्यंत आदराने म्हणालात, “जावईबापू, डावा हात पुढे आला की वापरा. मी बरंच सरळ केलंय. उरलेलं आता आपल्याकडे.” पुढच्याच वर्षी अधिक महिना आला. आपण मला पाटावर बसवले, तांब्याच्या ताम्हनात माझे पाय धुतले, पंच्याने पुसले आणि अनारशांचे वाण दिले. ज्या हातामुळे माझे नख गळून पडले तो हात माझ्या पावलांवरून फिरत होता, आणि मला इतकी शिसारी आली होती की पाय मागे घेऊन आपल्या छातीवर लाथ घालावी असे वाटले. मी हात जोडून वाण घेतले. आपली मुलगी शेजारी निरांजन घेऊन उभी होती, उजव्या हातात. डावा हात तिने पदराखाली घेतला होता.

आपला तो आहेर तिने आमच्या बिऱ्हाडात आल्यावर पहिल्याच आठवड्यात शोधून काढला. कागद तिने सोडवला. मग तिने मला विचारले, “तुम्ही याचं काय करणार आहात?” मी म्हणालो, काही नाही. “मग मला द्या. पापडाला बरा आहे.” तिने तो सोड्याच्या पाण्याने घासला, उन्हात ठेवला, आणि त्यानंतर आमच्या घरचा प्रत्येक पापड आपल्या रुळाने लाटला गेला, डाव्या हाताने. तिची डावी करंगळी दुसऱ्या पेरापासून वाकडी होती आणि लाटताना ती रुळाच्या बाहेर काढलेली असे. ती लहानपणी पडली होती, असे तिने मला सांगितले होते. मी ते खरे मानले.

आपले शेवटचे दिवसही आठवतात. पुण्यात गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघाले, आणि आपल्या मजल्यावरची यंत्रे एकेक करून रिकामी राहू लागली. एका मुलाने आपल्याला नम्रपणे विचारले, “सर, आपल्याकडे कॉम्प्युटर कधी येणार?” आपण समोरचे यंत्र दोन्ही हातांनी उचलले आणि गॅलरीतून खाली टाकले. खाली उभ्या स्कूटरची सीट फाडून ते दगडी फरशीवर फुटले आणि टाइपांच्या दांड्या पार रस्त्याच्या पलीकडे उडाल्या. कोणी मेले नाही, हा आपला पराक्रम नव्हे. त्यानंतर लवकरच आपल्याला झटका आला आणि उजवे अंग गेले. तिने आपल्याला भरवले नाही. तिने चमचा आपल्या डाव्या हातात दिला आणि म्हणाली, “जमेल. सवय होते.” आपण ताट भिंतीवर मारले. तिने भिंत पुसली आणि दुसरे ताट वाढले. असे पुष्कळ दिवस चालले. शेवटी आपण जेवलात, सर, डाव्या हाताने, आणि तिची पहिली शिकवणी पूर्ण झाली.

पुढे वय झाल्यावर तिने हीच शिकवणी मोबाइलवर सुरू केली: डावखुऱ्यांनी कात्री कशी धरावी, क्रोशाची सुई कशी फिरवावी, रांगोळीची चिमूट कशी सोडावी. खाते उघडून दिले आपल्या चिरंजिवांनी, आणि ते त्यांच्या क्लासच्या ईमेलवर उघडले, म्हणून किल्ली त्यांच्याकडे राहिली. आपल्या संस्थेचा आता कोथरूडला संगणक क्लास झाला आहे आणि त्यात आपल्या तसबिरीला रोज ताजा हार असतो. तिचे सुरुवातीचे व्हिडिओ मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेले होते, आणि तो कॅमेरा आरशासारखे चित्र घेतो हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. एका बाईंनी खाली लिहिले, “काकू, डावखुऱ्यांचा वर्ग म्हणता आणि तुम्ही तर उजव्या हाताने लाटताय.” आम्ही नीट पाहिले. मागच्या दिनदर्शिकेवरचे आकडे उलटे होते. ती हसून हसून खोकू लागली. “वडलांना हवं होतं तसं झालं एकदाचं,” ती म्हणाली.

त्या उलट्या व्हिडिओंतलाच हा पापडांचा. कोणीतरी आधी विचारले होते की हे कसले लाटणे. ती उडदाची लाटी दाबत उत्तर देते; आवाज चढवत नाही, डोळे पोळपाटावरून उचलत नाही: “हे लाटणं नाही, रूळ आहे. माझ्या वडलांचा. मी चौथीत होते. प्रसाद डाव्या हातात घेतला म्हणून त्यांनी माझा हात पाटावर ठेवला आणि धाकट्या भावाला मनगट धरून ठेवायला सांगितलं. करंगळी यानंच मोडली. रात्रभर सुजत होती, तरी वैद्याकडे नेली नाही, कारण काय सांगणार. कडेनं लाटा, मध्ये जोर देऊ नका, फाटतो.” मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला हे व्हिडिओतून कळले. त्याखाली आपले जुने विद्यार्थी लिहू लागले. कोणाचे नख, कोणाचे पेर, कोणाच्या कानाचा पडदा. सभ्य, निवृत्त माणसे, सर. शुद्धलेखनाची एक चूक नाही.

ती गेल्यावर काही महिन्यांनी आपल्या चिरंजिवांचा फोन आला की आपल्या नावाने कार्यक्रम करायचा आहे, जुने विद्यार्थी येणार आहेत, तेव्हा तो व्हिडिओ शनिवारी काढून टाकणार. मूळ चित्रीकरण तिच्या जुन्या फोनबरोबर केव्हाच एक्स्चेंजमध्ये गेले होते. जगात तेवढी एकच प्रत होती आणि ती त्यांच्या हाती होती. मी कोथरूडला गेलो. जाताना रूळ कापडी पिशवीत घेतला. का घेतला ते मला तेव्हा सांगता आले नसते.

ते आपल्या तसबिरीखाली बसले होते. त्यांनी मला चहा मागवला, आणि मग समजावणीच्या सुरात सांगितले की दाजी, त्या काळी सगळेच वडील मारायचे, ताईने घरातले चव्हाट्यावर आणायला नको होते, गेलेल्या माणसांची उणीदुणी काढून कोणाचे भले होते. मग ते म्हणाले, “बाबा कडक होते, इतकंच.”

मी रूळ काढला आणि त्यांच्या टेबलावर हाणला. टेबलावर काच होती. ती मध्यापासून कडांपर्यंत तडकली, कप उडाला, आणि माझ्या तळहातातून रक्त येऊ लागले. मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही, परंतु तो घाव मी टेबलासाठी उगारला नव्हता, हे मी आपल्यापासून लपवणार नाही; आणि त्या क्षणी आपल्याला रुळात काय मिळत असे ते मला कळले. ते गोड असते, सर. मग मी त्यांच्याकडे पाहिले. पांढऱ्या केसांचा तो गृहस्थ ओरडला नव्हता, उठला नव्हता, मागे सरलादेखील नव्हता. त्याने फक्त स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि मान खाली घातली होती. आपल्या वर्गात आम्ही सगळे असेच बसत होतो. बाहेरच्या मुली काचेतून आत पाहू लागल्या.

ते मान न उचलता म्हणाले, “काढणार आहे मी शनिवारी. तोवर तुम्हाला काय उतरवून घ्यायचं ते घ्या.” मी दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी विचारले, “मनगटाचं आलं तिथं मी बंद केलं, दाजी. पुढं काय म्हणाली ताई?” ती पुढे काय म्हणाली ते मला पाठ होते. मी सांगितले नाही. त्यांनी तळमळावे असे मला वाटत होते, आणि मी पिशवीला रक्त पुसून बसस्टॉपवर आलो.

व्हिडिओ उतरवण्याचे जे साधन मी वापरले त्याला खिडकी नाही, बटण नाही, चित्र नाही. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. साधनाचे नाव, मग मोकळी जागा, मग व्हिडिओचा पत्ता, मग एंटर. आपल्या प्रमाणपत्रावर मला जी नोकरी लागली त्या कचेरीत पुढे संगणक आले, आणि माझी उमेदीची वर्षे अशाच काळ्या पडद्यासमोर गेली, म्हणून मला त्याचे भय नव्हते. आपल्याला तो पडदा आवडला असता. एक आडवी रेघ कमी पडली किंवा एक जागा अधिक सुटली तर तो पुढे सरकत नाही, कारणही नीट सांगत नाही. त्या साधनाची माझ्याकडची आवृत्ती जुनी होती, म्हणून पहिल्यांदा नकार मिळाला. ती नवी केली, सूचना पुन्हा टाइप केली, कळांकडे न पाहता. मग ओळीत टक्के वाढू लागले. तळहाताची पट्टी सुटून रक्त कळफलकावर गळत होते आणि मला पूर्ण वेळ असे वाटत होते की मागे कोणीतरी उभे आहे.

फाइल उघडली तर ती मुकी होती. पडद्यावर आपली मुलगी बोलत होती, हसत होती, ओठ हलत होते, रूळ फिरत होता, आणि आवाज नाही. मी खुर्ची लाथेने भिंतीवर उडवली. नंतर ध्यानात आले की हे साधन चित्र वेगळे आणि आवाज वेगळा उतरवते, आणि ते जोडायला दुसरा एक प्रोग्रॅम लागतो, तो माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या फाइलीत तिचा आवाज होता आणि पडदा काळा होता. दोन्ही शेजारी ठेवून मी बराच वेळ बसलो. नंतर तो दुसरा प्रोग्रॅम आणला आणि दोन्ही एक केले. त्याच प्रोग्रॅममध्ये चित्र डावे-उजवे उलटवण्याची सूचना असते. तीही मी दिली. मागच्या दिनदर्शिकेचे आकडे सरळ झाले आणि रूळ डाव्या हातात आला. हा हात मी ओळखत होतो. करंगळी बाहेर होती.

शनिवारी व्हिडिओ नाहीसा झाला. त्या दुपारी माझा राग उतरला होता असे नव्हे, परंतु माझ्याकडे प्रत होती आणि त्यांच्याकडे आता काहीच नव्हते, हा हिशेब मला बरोबर वाटेना; म्हणून मी त्यांना फाइल पाठवली. रविवारी सकाळी ते दारात उभे. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. “दाजी, तुमच्या फाइलीला आवाज नाही,” ते म्हणाले. “मी कालपासून तिच्या ओठांकडे बघतोय.” घाईत मी त्यांना मुकी फाइल पाठवली होती. इतका वेळ बहिणीचे ओठ पाहून हा माणूस स्वतःची शिक्षा वाचण्याचा प्रयत्न करीत होता.

मी त्यांना तिच्या खुर्चीवर बसवले आणि जोडलेली प्रत लावली. मनगटाचे वाक्य आले तेव्हा त्यांचे हात मांड्यांखाली गेले. मग ती पापड उलटते, पीठ झटकते आणि म्हणते, “भाऊ दुसरीत होता. त्याचा हात माझ्याहून जास्त थरथरत होता. त्यानं सोडला असता तर त्याची मोडली असती, म्हणून मीच त्याला म्हटलं, धर. त्याच्यावर माझा काही राग नाही. पापड मात्र त्याला अजून येत नाहीत.” ते हसले, निदान सुरुवात हसण्याने झाली. नंतर जो आवाज त्यांच्यातून निघाला तो मी लिहीत नाही. त्यांनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला, आणि जाताना विचारले, “परत चढवता येईल?” मी म्हणालो, येईल, आणि या खेपेला हात योग्य बाजूला असेल. “चढवा,” ते म्हणाले. “कार्यक्रमाआधी चढवा. मनगटाचं कापू नका.”

मी तो चढवला आहे. आपले विद्यार्थी पुन्हा लिहू लागले आहेत. आपला रूळ धुऊन पोळपाटापाशी ठेवला आहे. माझ्या रक्ताचा डाग त्याच्या काळ्या रंगात दिसत नाही, आणि तिथे आणखी कोणाकोणाचा आहे तेही दिसत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि असता तरी मी पाठवले नसते, कारण यातली एक गोष्ट आपल्याला सांगावी की नाही याचा माझा निर्णय होत नाही. मी सर्वांना सांगितले आहे की हा व्हिडिओ मी आपल्याविरुद्धचा पुरावा म्हणून जपला. परंतु त्याच्या अगदी सुरुवातीला, तिने बोलणे सुरू करण्यापूर्वी, ती दाराकडे पाहून म्हणते, “अहो, पंखा बंद करा, पीठ उडतंय.” चित्राच्या कडेला माझी बाही येते, खटका दाबते आणि निघून जाते. ती “हं” म्हणते. मी रोज तेवढेच लावतो, आणि आपण येण्याच्या आधी थांबवतो.